चार हात चुकलेलं घर

सूर्यानेसुद्धा ज्याला वचकून असावं असा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. रत्नागिरीत उन्हाला कधी तोटा नव्हता, पण त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. ते काम भावोजींनी अंगावर घेतलं ते ऐंशीनंतरच्या वर्षांत, बोटीवरची नोकरी सोडून कायमचे घरी आल्यावर. बावीस वर्षं ते इंजिनखात्यात होते, म्हणजे बोटीच्या पोटात. तिथे सकाळ काय आणि दुपार काय, सारखीच. एवढ्या वर्षांचं बुडालेलं ऊन त्यांना एकदम पदरात पाडून घ्यायचं असावं, असा आपला माझा तर्क. एरवी माणूस इतका धावत नाही. भावोजी एका जागी बसलेले मला आठवतच नाहीत. चहा उभ्याने, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालता घालता, आणि दाढी अंगणात, ज्या बाजूला ऊन असेल तिकडे गाल करून. जेवायला बसले तरी एक पाय दाराकडे वळलेला असे. दर पाच मिनिटांनी मान वर करून आभाळाकडे बघायचे, आणि कुठे ढगाचा तुकडा दिसला की घरात चोर शिरल्यासारखे उठायचे.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, आणि दुपारच्या झोपेवर माझी श्रद्धा होती, आजही आहे. भावोजींचं आणि माझं वाकडं आलं ते या झोपेवरून. सूर्य डोक्यावर आला की त्यांना भूगोलाच्या शंका येत. पोटात सुरमईची आमटी आणि भात, डोळा नुकताच लागलेला, आणि खिडकीच्या गजांतून त्यांचा आवाज यायचा, "मास्तर, सूर्य कुठे उगवतो?"

"पूर्वेला, भावोजी."

"चूक. बरोब्बर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस तू पोरांना खोटं शिकवतोस. सरकार पगार कसला देतं तुला?"

आणि हे खरं असल्यामुळे मला पुन्हा झोप येत नसे. अर्धवट झोपमोडीचं दुखणं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना माझा तेव्हाचा स्वभाव समजेल.

या सगळ्या धावाधावीत खरी अडकली होती ती माझी ताई. भावोजी बोटीवर असताना तिने बावीस वर्षांत सात बिऱ्हाडं केली. कुठे मालकाचा मुलगा लग्नाचा झाला, कुठे विहीर आटली, कुठे घरमालकीण खवट निघाली. दर वेळी ताईने भांडी पोत्यात घातली आणि देव पदरात. मुलगी वाढवली, तिचं लग्न करून तिला राजापुरास धाडली, आणि मग गावातल्या दोन खोल्यांत ती भावोजींची वाट बघत राहिली. तिचं मागणं एवढंच होतं, की एकदा मांडलेली चूल पुन्हा उचलायला लागू नये. भावोजींनी तिला बोटीवरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात घराचा शब्द दिला होता, आणि तो पाळायला ते आले तेच मुळी सूर्याचं वेड डोक्यात घेऊन. बरोबरचे खलाशी टेपरेकॉर्डर नि अत्तरं आणत. यांनी शेवटच्या फेरीहून ब्लँकेटात गुंडाळून आणली ती एक निळी काच. ती उन्हात ठेवली की वीज करते, असं त्यांनी सांगितल्यावर शेजारपाजारचे बघायला आले आणि हात जोडून गेले.

भाट्ये गावाच्या पुढे, वर सड्यावर त्यांनी जागा घेतली. उघडा कातळ, सावलीला झाड नाही, पाणी खाली. जागा बघून ताईने कपाळावर पदर ओढला, भावोजी मात्र वेड लागल्यासारखे फिरत होते, कारण सकाळी पहिल्या किरणापासून सूर्य समुद्रात बुडेपर्यंत तिथे ऊन अडवायला काही नव्हतं. विजेची तार घरात घ्यायची नाही, सरपण घ्यायचं नाही, भिंतीच अशा बांधायच्या की उन्हाळ्यात ऊन बाहेर राहील आणि थंडीत आत येईल, असा त्यांचा बेत. घर लांबट, बरोब्बर दक्षिणेला तोंड करून. छज्जा किती पुढे काढायचा, खिडकी किती उंच, सगळं वहीत आखलेलं. जांभ्या दगडाचे चिरे स्वतः उचलणार, स्वतः रचणार. हाताखाली (खरं म्हणजे डोक्यावर, पण तसं म्हणायची सोय नव्हती) एकच माणूस, सखाराम गवंडी.

पायाची दोरी धरायच्या दिवशी भावोजींनी बोटीवरचं पितळी होकायंत्र काढलं. सखाराम उकिडवा बसून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "साहेब, ह्या कातळाव सुईचा भरवसा नाय. पोटात लोखंड हाय त्याच्या. आमी काठी रोवतो नि सावली बघतो."

"सखाराम," भावोजी म्हणाले, "या यंत्राने मी अर्धी दुनिया फिरून आलोय."

"पान्याव फिरलात," सखाराम म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. दोरी होकायंत्राप्रमाणेच पडली.

घर वर येऊ लागलं तसे भावोजी सड्यावर एका झोपडीत राहायला गेले, आणि त्यांचे सूर्याचे प्रयोग तिथे सुरू झाले. पहिली सूर्यचूल. पेटी त्यांनी स्वतः ठोकली, आतून काळी, दुहेरी पत्र्यात भाताचा तूस दाबून भरलेला, वर काच. ऊन आत फेकायला आरसा लागतो, तो ताईच्या कपाटाचा काढून नेला. पुढची तीन वर्षं ताई अंदाजाने कुंकू लावत असे. ज्या बाईला एका जागी राहणारी चूल हवी होती, तिच्या नवऱ्याने अशी चूल केली की जी दर वीस मिनिटांनी उचलून फिरवावी लागे. रविवारी ताई आणि मी सड्यावर जायचो. सकाळी नऊला डाळ-तांदूळ आत, आणि मग भावोजी त्या चुलीभोवती तान्ह्या मुलाच्या पाळण्याभोवती फिरावं तसे फिरत. एकदा आमची आई आली होती. बाराला ढग आला तो हलेना. दोन वाजले, तीन वाजले. आईला मधुमेह, तिला घाम फुटलेला. भावोजी पेटीपाशी उभे राहून म्हणाले, "सासूबाई, भूक ही सवय आहे. ऊन ही संधी आहे." आईने पुढे त्यांच्याशी तीन महिने भाषण केलं नाही. पण त्या दिवशी चार वाजता तिने जो भात खाल्ला, तसा मोकळा आणि गोड भात आपण जन्मात खाल्ला नाही, असं ती इतरांना सांगायची. भावोजींना मात्र कधी सांगितलं नाही.

नंतर सौरबंब. काळे रंगवलेले नळ, वर पिंप, पिंपाला काथ्याचे वेढे. पाणी उत्तम तापे, फक्त ते तापे दुपारी तीनला, आणि भावोजींच्या मते जेव्हा पाणी तापतं तीच अंघोळीची वेळ. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, त्यांनी मला दुपारी तीनला कढत पाण्याने न्हाऊ घातलं आहे. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगातून वाफा निघत होत्या, आणि ते घड्याळ बघत विचारत होते, "शेवटचा तांब्या पहिल्याइतकाच कढत होता ना?" बंब जमल्यावर त्यांना जगाला शहाणं करून सोडायची घाई झाली. किनाऱ्यावर मासळी सुकत घालणाऱ्या बायकांना ते उन्हाचं महत्त्व सांगायला गेले. त्यांतली एक म्हातारी टोपली खाली ठेवून सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग आमी काय म्हावरं चांदन्यात वालवतो व्हय?" भावोजी परत आले आणि मला म्हणाले, "बाई हुशार आहे." राग म्हणून त्यांना नव्हताच. रागवायला थांबावं लागतं.

घर मात्र पुरं होईना. खिडकी आठ बोटं खाली हवी म्हणून पूर्वेची भिंत उतरवली. छज्जा लांब झाला म्हणून तोडला, आखूड झाला म्हणून पुन्हा काढला. जांभ्याचा चिरा मातीत रचलेला असला की निघतो आणि परत लागतो, हीच मोठी पंचाईत होती. ताई दर रविवारी विचारायची, "कधी हो?" आणि ते म्हणायचे, "हे एवढं झालं की." तिसऱ्या वर्षी तिने विचारायचं सोडलं. मला ते फार लागलं. त्या दिवशी परतताना एसटीत मी तिला म्हटलं, "ताई, तू जरा ओरड त्यांच्यावर." ती म्हणाली, "ओरडायला समोर उभा राहायला नको का रे माणूस?"

शेवटी भिंती उभ्या राहिल्या, वासे चढले, कौलं यायची होती. गावातल्या खोल्यांच्या मालकाला महिनाअखेरचा वायदा करून झाला होता, म्हणजे या वेळी मागे फिरायला जागा नव्हती. आणि नेमका तेव्हाच मी घात केला. निळ्या काचेचा कोन ठरवायला भर दुपारची सावली नेमकी कुठे पडते ते हवं होतं. भावोजींनी मला झोपेतून उठवून नेलं. न्हाणीच्या वरच्या सपाट छतावर मी काठी उभी केली आणि खुणा करत बसलो. सर्वांत आखूड सावली भिंतीच्या कडेला समांतर पडायला हवी. ती तिरकी गेली. मला वाटलं, आपलंच चुकलं. तीन दिवस बसलो, तिन्ही दिवस तिरकी. भावोजी होकायंत्र घेऊन घरभर हिंडले. स्वयंपाकघरात उत्तर एकीकडे होती, न्हाणीत दुसरीकडे, आणि ओटीवर सुई ठरायलाच तयार नव्हती. सखाराम खाली चिरा तासत होता. त्याने वर पाहिलं नाही, हे त्याच्या चांगुलपणाचं लक्षण. सबंध घर नैर्ऋत्येकडे कलून बसलं होतं. एका टोकाशी दोरी बरोबर धरली, तर दुसऱ्या टोकाशी चार हातांची चूक.

भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर हातात पहार घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढलेले, वरचे दोन थर उतरवून झालेले. "चिरे फुकट जात नाहीत," मला बघून म्हणाले, "दीड वर्षात पुन्हा उभं करतो." चूक शोधली मीच. मला स्वतःची आणि भूगोलाची दोहोंची लाज वाटली.

तेवढ्यात खाली टेंपो थांबला. महिनाअखेर व्हायला अजून सहा दिवस होते, तरी ताई सामानासकट आली होती. बातमी तिला सखारामने पोचवली, हे मला मागाहून कळलं. देव, पोती, ट्रंक, आणि हातात स्टोव्ह. ती सरळ त्याच भिंतीखाली गेली, पदराने जमीन झाडली, स्टोव्ह पेटवला आणि आधण ठेवलं. वरून मातीचा भुगा पडत होता, तर तिने आधणावर झाकण घातलं.

"अगं, बाजूला हो, चिरा पडेल," भावोजी म्हणाले.

"पडू दे. चहा झाला की खाली या."

"घर चुकलंय."

"कळलं मला." ती वर न बघता बोलत होती. "बावीस वर्षं तुम्ही समुद्रात होतात. तेव्हा माझं बिऱ्हाड कुठल्या आळीत आहे तेही तुम्हाला धड ठाऊक नसायचं, तरी पत्रं पोचायचीच ना? मग चार बोटं इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं? मी आता आठवं बिऱ्हाड करायची नाही. पाडायचंच असेल तर मी इथे बसलेली असताना पाडा."

भावोजींनी पहार भिंतीवर आडवी ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "चार बोटं नाहीत. चार हात." आणि पहार घेऊन खाली उतरले. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, पण दोन कप घेतला. संध्याकाळपर्यंत सखारामने ते दोन थर परत चढवले.

घर हलवता येत नाही म्हटल्यावर भावोजींनी बाकी सगळं हलतं केलं. निळी काच सायकलच्या पुढच्या चाकावर बसवून न्हाणीच्या छतावर ठेवली आणि ती दिवसातून पाच वेळा फिरवायला ते शिडी चढत. ट्रकच्या बॅटरीवर एक नळीचा दिवा आणि रेडिओ चाले. ढगाळ दिवस गेला की बातम्या अर्ध्यावर बंद करत, "राहिलेल्या उद्या पेपरात वाच," म्हणत. ताईने स्टोव्ह ठेवला होता आणि चूलही; पावसाळ्यात त्यांवर शिजलेलं ते मुकाट्याने जेवत. कपाटाला नवा आरसा आला.

पुढे चारेक वर्षांनी, पौषातली गोष्ट. ताईचे गुडघे धरले होते, थंडीत फार दुखत. एका दुपारी भावोजी माझ्या खिडकीशी आले, पण हाक मारली नाही. मी आपणहून जागा होईपर्यंत उभे राहिले. ते बघून मी घाबरलोच. "चल," एवढंच म्हणाले. सड्यावर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी मला आत बघायला लावलं. घर कलल्यामुळे छज्ज्याखालून ऊन तिरपं आत आलं होतं, जिथे वहीप्रमाणे ते यायला नको होतं तिथे. ताई खुर्चीत डोळे मिटून पडली होती, पाय समोरच्या पाटावर, आणि ऊन नेमकं गुडघ्यांवर.

"हे माझ्या हिशेबात नव्हतं रे," भावोजी कुजबुजले, आणि उंबऱ्यावर बसले. खरोखर बसले, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. बाहेर सूर्यचूल सावलीत जात होती आणि त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत या माणसाबद्दल माझ्या मनात जे साचलं होतं, ते प्रेम होतं हे मला त्या उंबऱ्यावर कळलं, आणि ते त्यांना सांगायला मला जमलं नाही. पुढेही जमलं नाही, आणि त्यांना त्यानंतर फार हिवाळे मिळाले नाहीत.

थोड्या वेळाने ऊन गुडघ्यांवरून सरकलं. भावोजी चपला काढून आत गेले, वाकले, आणि ताईच्या पायांखालचा पाट दोन्ही हातांनी अलगद चार बोटं डावीकडे ओढला. ऊन पुन्हा गुडघ्यांवर आलं. परत येऊन बसले. असे ते तीनदा उठले. तिसऱ्या वेळी ते पाटाशी वाकले असताना ताईने एक डोळा किंचित उघडला, दारातल्या माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतला.