बेंजो पार्टीच्या पत्त्यावरून गेलेला मेल

मोरिवलीच्या रिद्धी गायकरकडे तीन ईमेल खाती होती आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी उघडायची. आनंदनगरच्या ज्या कंपनीत ती नोकरी करते, तिथे पाण्याच्या पंपांचे रबरी सील बनतात. गिऱ्हाइकांशी सगळा पत्रव्यवहार रिद्धीच करते, त्यामुळे कंपनीचं एक खातं. दुसरं वडिलांच्या बेंजो पार्टीचं, म्हणजे लग्नकार्यात वाजवणाऱ्या ताफ्याचं. भगवंत गायकरांची पार्टी बदलापूरपर्यंत हळदी वाजवते, आणि हल्ली हॉलवाले फोन करत नाहीत, मेल टाकतात. तिसरं तिचं कॉलेजपासूनचं, बँकेचं आणि विम्याचं सगळं त्यावर यायचं.

एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात उड्या मारता मारता गेल्या हंगामात तिने एक बुकिंग फार उशिरा पाहिलं. ती हळद उल्हासनगरच्या दुसऱ्या पार्टीला गेली. त्या दिवशी भगवंतांनी बेंजोला हातही लावला नाही, हे तिला फार लागलं.

मग एका रविवारी तिने बैठक मारली आणि तिन्ही खाती फोनवरच्या एकाच अ‍ॅपमध्ये आणली. मॅनेजर कमलेश साहेबांना विचारून कंपनीचंसुद्धा. शेवटचा पासवर्ड चालला तशी ती ओरडलीच, "बाबा, इकडे या! बघा, सगळं एका जागी!"

भगवंतांनी चष्मा लावला. "ह्ये रंग कशाचं गो?"

"निळा कंपनीचा, राखाडी माझा, पिवळा आपल्या पार्टीचा."

"पिवला म्हंजे हलदीचा. बेस हाय."

त्या जोशात तिने पार्टीच्या प्रत्येक मेलखाली आपोआप जाईल अशी सही बनवली. गुलाबी फेटे बांधलेल्या सगळ्या पार्टीचा फोटो, आणि खाली मराठीत नि इंग्रजीत: 'हळद असो की बारसं, आम्ही आलो की पाय थांबत नाहीत.'

त्याच आठवड्यात केनियाच्या एका कंपनीच्या खरेदी अधिकारी, अ‍ॅग्नेसबाई, माल तपासायला येणार होत्या. इतकं मोठं परदेशी गिऱ्हाईक कंपनीला पहिल्यांदाच मिळत होतं. रिद्धीने तपासणीचं वेळापत्रक फोनवरच लिहिलं, दोनदा वाचलं, कमलेश साहेबांना प्रत ठेवली आणि पाठवून दिलं.

थोड्याच वेळात कमलेश साहेब केबिनमधून बाहेर आले. उल्हासनगरचे सिंधी, मराठी-हिंदी एकत्रच बोलणारे. "रिद्धी, ये गुलाबी फेटेवाले कौन हैं? आपलं क्वालिटी डिपार्टमेंट?"

रिद्धीने पाठवलेला मेल फोनवर उघडून बघितला. सगळ्यात शेवटी जोडलेलं खातं पार्टीचं, आणि नवा मेल लिहायला घेतला की अ‍ॅप आपणहून तेच धरत होतं. वरच्या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता स्पष्ट दिसत होता. मजकूर दोनदा वाचला, ती ओळ एकदाही नाही.

"सॉरी सर, लगेच दुसरा पाठवते."

"पाठव. आणि माफी माग. ऑर्डर गेली ना, तर मालक माझीच वरात काढतील."

तिने कंपनीच्या खात्यावरून वेळापत्रक पुन्हा पाठवलं, माफी मागितली. उत्तर यायला संध्याकाळ झाली. रिद्धीने ते उभ्यानेच उघडलं. अ‍ॅग्नेसबाईंनी लिहिलं होतं, 'दोन्ही मेल मिळाले. पहिला जास्त आवडला. मी तिकडे असेन तेव्हा हे लोक कुठे वाजवणार आहेत का?'

रिद्धी धावत केबिनमध्ये गेली. कमलेश साहेबांनी उत्तर वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. "विचार बाबांना. अभी के अभी!"

योग असा, की तपासणीच्याच दिवशी बारवी धरणाकडच्या एका गावात भगवंतांची पार्टी एका हळदीला वाजवणार होती. नवरदेवाच्या घरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, पाहुणी आली तर मांडवाची शोभाच वाढेल.

तपासणी मात्र कडक झाली. अ‍ॅग्नेसबाईंनी मोजमापं घेतली, दोन खोके बाजूला काढले आणि शांतपणे सांगितलं, "हे बदलून द्या, मग सही करते." कमलेश साहेबांचा चेहरा पडला. पण कामगारांनी दुपारपर्यंत नवा माल काढून दिला आणि सही झाली.

संध्याकाळी मांडवात भगवंतांनी बेंजोच्या तारा छेडल्या, ढोलकी उसळली, आणि अ‍ॅग्नेसबाई बायकांच्या घोळक्यात शिरल्या. करवल्यांनी त्यांच्या गालांना हळद फासली. त्यांनी कमरेवर हात ठेवून असा काही ठेका धरला, की भगवंतांनी तेच गाणं पुन्हा उचललं. कमलेश साहेबसुद्धा बूट काढून नाचले. रिद्धी व्हिडिओ काढायला गेली, पण एका काकूने तिचा फोन काढून घेतला. "नाच गो पोरी!" मग ती घामाघूम होईस्तोवर नाचली.

दुसऱ्या दिवशी तिने आधी अ‍ॅपची मांडणी दुरुस्त केली. नव्या मेलला कंपनीचा पत्ता, प्रत्येक खात्याला आपापली सही, आणि पाठवण्याआधी वरच्या ओळीवर नजर.

महिन्याभरात कमलेश साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी वेगळं खातं काढलं आणि तेही रिद्धीच्या हवाली केलं. पगारही वाढला. घरी येऊन तिने दारातूनच ओरडून सांगितलं.

भगवंत बेंजोच्या तारा पुसत होते. "आनखी एक? त्याला कंचा रंग देशील?"

"हिरवा!" म्हणत ती चप्पल न काढताच त्यांच्याशेजारी बसली आणि फोन उघडला.