कात्रीबाईंचं झाकण

कात्रीबाईंचं आणि त्यांच्या जावयाचं पटत नव्हतं, हे शर्यतीच्या गाड्यांच्या त्या कारखान्यात झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गंमत म्हणजे जावयाला तिथे चिकटवलं होतं बाईंनीच. आयुष्यातल्या मूर्खपणांची यादी कोणी मागितली, तर त्या हा पहिल्या नंबरावर सांगत. लग्न दुसऱ्या.

कात्रीबाई हे नाव कारखान्यानेच दिलेलं. अर्धं हातातल्या कात्रीमुळे, अर्धं जिभेमुळे. पूर्वी त्या बसच्या सीटांची कव्हरं शिवायच्या. नवरा एक दिवस शर्ट इस्त्री करून घेऊन गेला तो गेलाच, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. बाईंनी रडण्यात वेळ घालवला नाही. सरळ रेषेत कापड कापता येणारा माणूस हवा, अशी जाहिरात वाचली आणि कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्याला सव्वीस वर्षं झाली.

इथलं कापड काळं, कार्बनचं. चिकट रसायनात भिजवलेलं असतं आणि शीतपेटीत ठेवावं लागतं. ते कापायचं, साच्यात थरावर थर बसवायचे, मधली हवा चमच्यासारख्या पट्टीने दाबून काढायची, मग भट्टीत भाजायचं. बाईंच्या टेबलावर बनत ती चाकांची झाकणं. या गाड्यांची चाकं अंगाबाहेर, उघडी. वेगात ती हवा अशी काही ढवळतात की ती हवाच गाडीला मागे ओढते. चाकाच्या बाहेरच्या तोंडावर गुळगुळीत झाकण बसवलं की हवा मुकाट्याने बाजूने निघून जाते. दिसायला ताटाएवढी तबकडी, मध्ये चाकाच्या नटासाठी भोक, कडेला सहा बोल्ट. पण सुटली तर तोफेचा गोळा.

म्हणून बाई प्रत्येक झाकण नाण्याने वाजवून बघत. बोटाबोटाच्या अंतरावर, कान लावून. थर एकजीव असतील तर खणखणीत टक्. कुठे सुटले असतील तर भद्द, दमट भिंतीसारखं. भद्द वाजलं की झाकण तिथल्या तिथे करवतीखाली. कोणी हळहळलं तर म्हणत, "घरी ने आणि फुलदाणीखाली ठेव. गाडीला नाही लागणार."

रविवारी शर्यतीत चौदाव्या फेरीला पुढच्या डाव्या चाकाचं झाकण सुटलं. कुंपणावरून उडालं आणि झेंडा दाखवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसलं. गळ्याजवळचं हाड मोडलं त्याचं. चार बोटं वर लागलं असतं तर तो उरला नसता.

सोमवारी सकाळी अहवाल तयारसुद्धा. 'झाकण क्रमांक दोनशे बारा, थर सुटल्याने निकामी.' लिहिणारा जावई. चाकांवर झाकणं बसवायचं काम त्याचं, त्यामुळे अहवालही त्याचाच. मोडके तुकडे अजून शर्यतीच्या मैदानावरून यायचे होते.

"तुकडे न बघताच कळलं?" बाईंनी विचारलं.

"व्हिडिओत दिसतंय, आई."

"व्हिडिओत थर दिसतात? मग डॉक्टरांनी एक्सरे कशाला काढायचे, फोटोच काढावेत."

साहेबांना तो अहवाल फारच आवडला. झाकणं बाहेरून विकत आणायचा विचार त्यांच्या डोक्यात वर्षभर घोळत होता, आता आयतं कारण मिळालं. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, बुधवारी बैठक आहे. अहवाल मान्य आहे म्हणून तुमची एक सही लागेल. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही, तशाही आठ महिन्यांत निवृत्त होताय."

"तोंडावर कोणी काही बोलणार नाही, कारण मागून बोलतील," बाई म्हणाल्या आणि कात्रीला धार लावायला घेतली.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी आली. चपला न काढताच बोलायला लागली.

"आई, सही करून टाक ना."

"का?"

"तुझं काय जाणार आहे? त्याच्यापुढे अख्खं आयुष्य आहे."

"आणि माझ्यामागे अख्खं आयुष्य आहे. ते काय रद्दीत घालू?"

"तू कधी म्हणजे कधीच चुकत नाहीस, हो ना? बाबापण म्हणूनच गेला."

हे मात्र लागलं. बाईंनी गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, काही कारण नसताना.

"चुकले असेन तर सही करीन," त्या म्हणाल्या. "तुकडे बघितल्यावर. आता चहा घेणार असशील तर बस, नाहीतर दार लावून घे."

मुलीने दार लावलं नाही. आपटलं.

आणि खरं सांगायचं तर बाईंना भीती वाटत होती. अलीकडे डावा कान जरा कमी साथ देत होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दोनशे बारा त्यांनीच वाजवून पास केलं होतं. त्या दिवशी वाजवताना शेजारचा हवेचा पंप घरघरत होता का? आठवेना. एका माणसाचं हाड आपल्या हातून मोडलं असेल, तर सही करणं ही फार स्वस्तात सुटका होती.

बुधवारी तुकडे आले. दोन मोठे, बाकी कचरा. साहेब, जावई आणि बाई टेबलाभोवती. सही करायचा कागद पेनासकट मांडून ठेवलेला.

बाईंनी नाणं काढलं. उजवा कान खाली केला.

टक्. टक्. टक्.

"बाई, याची गरज आहे का?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"गप्प बसा."

साहेबांना त्या इमारतीत असं कोणी म्हटलं नव्हतं. ते गप्प बसले. बाईंनी दोन्ही तुकडे कडेपर्यंत वाजवले. एकदाही भद्द नाही. मोडलेली कड बोटाने चाचपली. थर एकमेकांना धरून तुटले होते, सुटले नव्हते. मग त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि बोल्टची भोकं बघायला घेतली. बराच वेळ बघितलं. मग भिंग साहेबांपुढे सरकवलं.

"भोकाच्या काठावर काय दिसतंय?"

"पिवळा रंग."

कारखान्याचा नियम असा: एक बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे नेमक्या ठरलेल्या जोराने, आवळायचा आणि लगेच त्याच्या डोक्यावरून झाकणावर पिवळी रेघ ओढायची. मग पुढचा बोल्ट. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. पाना हातातून सुटल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

"रेघ डोक्याच्या बाजूला हवी," बाई म्हणाल्या. "ही डोक्याखाली आहे. बोल्ट आवळलेला असेल तर तिथे केससुद्धा शिरत नाही, रंग काय शिरतो! रेघ ओढली तेव्हा बोल्ट नुसता बोटाने फिरवून ठेवला होता. आणि एक नाही. लागोपाठ तीन."

"रंग कुठूनही लागतो," जावई म्हणाला. "आपटताना लागला असेल."

"वाळलेला रंग? पाय फुटले त्याला?"

साहेबांनी जावयाकडे बघितलं.

"तुम्ही एकेक बोल्ट करतच नाही, जावईबापू," बाई म्हणाल्या. "आधी सगळ्या चाकांचे बोल्ट बोटाने, मग सगळे पान्याने, मग सगळ्यांवर रेघा. बदलायची सुटी धरून वीस चाकं, तीन फेऱ्या. पटपट होतं. मधल्या फेरीत कोणी हाक मारली?"

"गाडी वजनकाट्यावर ढकलत न्यायची होती," तो शेवटी म्हणाला. "त्या चाकाचे तीन बोल्ट आवळून झाले होते. परत आलो ते त्याच्यानंतरच्या चाकापासून सुरू केलं." मग एकदम उसळला, "सगळेच असं करतात! तुम्हाला मीच सापडलो? घरातला माणूस बुडवलात!"

"त्या झेंडेवाल्याच्या घरात पण माणसं असतील."

अहवाल फाडावा लागला. साहेबांचा बाहेरून झाकणं आणायचा बेतही त्याच्याबरोबर टोपलीत गेला, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभर होतं. जावयाची नोकरी राहिली, पगारवाढ गेली. पिवळ्या रंगाची बाटली मात्र कात्रीबाईंच्या कपाटात कुलपात गेली. एका चाकाचे सहाही बोल्ट आवळून पाना बाईंच्या टेबलावर ठेवला, की त्या चाकापुरताच रंग द्यायचा, असा साहेबांचा नवा लेखी हुकूम.

मुलगी यायची बंद झाली. फोन उचलते, "हं" म्हणते, ठेवते. बाईंनी दोनदा केला, तिसऱ्यांदा केला नाही. कान मात्र तपासून आल्या आणि यंत्र घेतलं. साहेबांना स्वतःच सांगितलं की यापुढे प्रत्येक झाकण दुसऱ्या कोणीतरीही वाजवून बघायचं. "माझ्यावर विसंबू नका," हे वाक्य त्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बोलल्या, तेही भांडल्याच्या सुरात.

आता शर्यतीच्या आधी जावई वीस वेळा त्यांच्या टेबलापाशी येतो. आई म्हणत नाही.

"रंग."

"कुठल्या चाकाला?"

"मागचं उजवं."

"पाना?"

तो पाना टेबलावर आपटतो. बाई किल्ली काढतात, सावकाश.