रिडंडंट

‘रिडंडंट’ या शब्दावरून माझं एकदा चांगलंच वाजलं.

चाकणच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. तेव्हा एकटीच सांभाळत होते. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि खोक्यावर लेबल चिकटल्याशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही. ती लेबलं सर्व्हरवरून येतात. सर्व्हर दोन. एक काम करतो, दुसरा तयारीत बसून राहतो. दोघांत सतत विचारपूस चालू असते, आहेस का, आहे. तिला म्हणायचं हार्टबीट. पहिल्याचं उत्तर आलं नाही की दुसरा काम हातात घेतो, ते फेलओव्हर.

अहवालात मी लिहिलं, दुसरा सर्व्हर रिडंडंट आहे. आमच्या धंद्यात ही शाबासकी. एक पडला तरी दुसरा उभा, असा अर्थ. पण नवे प्लांट हेड हिशेबाच्या खात्यातून आलेले. त्यांना या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, जादा झालेला, कमी करायचा. त्यांनी आमचा तो सर्व्हर दुसऱ्या प्लांटला द्यायचं ठरवूनही टाकलं. सोमवारी टेम्पो येणार होता. चूक माझी नव्हती, शब्द बरोबरच होता.

माझं डोकं सटकलं. मी बीडची, राग आला की आवाज आपोआप चढतो. केबिनमध्ये जाऊन म्हटलं, “सर, तो गेला तर एक दिवस तुमचे ट्रक गेटवर उभे राहतील.”

“आजवर एकदाही चालला नाहीये तो. नुसती वीज खातो.”

“चालला नाही, कारण पहिला पडला नाही.”

“मग पडल्यावर चालेल कशावरून?”

प्रश्न रास्त होता, म्हणून राग आणखीच आला. “आत्ता दाखवते,” म्हटलं. भर पहिल्या शिफ्टमध्ये साहेबांना घेऊन खाली निघाले.

प्रिंटरपाशी डिस्पॅचचे सुपरवायझर उभे होते, शेजारच्याच गावातले, घरची शेती असलेले. मी त्यांना घाईघाईने समजावलं, “भाऊ, दोन जावा आहेत असं समजा. थोरली स्वयंपाक करतेय, धाकटी पदर खोचून उभी. थोरली माहेरी गेली तरी कुणी उपाशी राहायला नको.”

“कळलं की. पन मॅडम, धाकटीला सैपाक येतुया का न्हाई, ते बगितलंय का कधी?”

बघितलं होतं, मशीन बसवलं तेव्हा, सुट्टीच्या दिवशी, एकही ट्रक नसताना. चालू कामावर कधीच नाही. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

सर्व्हर रूम तिथे लागूनच. साहेबांना दारात उभं केलं आणि पहिल्याची वायर खेचली. प्रिंटर थांबला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्रिंटरकडेच पाहत राहिले. मग प्रिंटर खरखरला आणि लेबल बाहेर आलं, बरोबर पुढच्या नंबरचं. मागोमाग दुसरं.

“राहू दे तो,” साहेब म्हणाले. माझी मान अशी काही ताठ झाली की विचारू नका.

तेवढ्यात सुपरवायझर म्हणाले, “मग मॅडम, तुमची जाव कुठं हाय?”

“माझी?”

“तुमी माहेरी गेल्या, तर हितं कोन बगनार?”

मी हसले आणि मग हसू थांबलं. आई किती दिवस फोनवर विचारत होती, कधी येतेस, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. साहेब अजून दारातच होते. त्यांना तिथंच म्हटलं, “सर, मलाही एक रिडंडंट लागेल.” या वेळी त्यांना अर्थ बरोबर कळला.

भोसरीची एक मुलगी रुजू झाली. तिला सगळं शिकवलं, वायर खेचण्यासकट. मग सणवार काही नसताना मी बीडच्या गाडीत बसले. आईसमोर जेवताना फोन ताटाशेजारीच ठेवला होता. तो वाजेना, म्हणून मीच लावला.

“मॅडम, पहिला सर्व्हर सकाळीच पडला,” ती म्हणाली. “दुसऱ्यावर चाललंय सगळं. तुम्ही जेवा निवांत.”

मला कळवावंसंसुद्धा वाटलं नाही हिला! असा राग आला.

आईचा हात भाकरीवरच थांबला होता. “निघावं लागतंय का गं?”

“नाही,” म्हटलं, आणि माझेच डोळे भरून आले.