वळणावरचा पहिला गिअर

मंडळी, मी गॅरेजवाला माणूस. कुणी म्हणालं गाडीत भूत आहे, की मी म्हणतो, "बॉनेट उघड, तुझ्या भुताचा सैल बोल्ट दाखवतो." एकदा एक गिऱ्हाईक थरथरत आलं... जीपमध्ये बाई रडते म्हणे! बाई कसली, फॅन बेल्ट. दुसऱ्याच्या सीटखाली कुणीतरी कुजबुजत होतं, तिथे उंदराचं बाळंतपण निघालं. तर असा मी, आज हे सगळं पुढचा एक दात नसलेल्या तोंडाने सांगतोय. तो दात कसा गेला तेच ऐका.

जागा नीट सांगतो, म्हणजे उगाच शंका नकोत. गुहागरहून वेळणेश्वराकडे जाताना एका ठिकाणी डांबरी रस्ता सोडून कच्ची वाट खाली उतरते. तळाला चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, खाण. खाणीतून भरलेली गाडी वर आणायची म्हणजे सगळी घाटी चढायची, आणि घाटीच्या बरोबर मधोमध एक आडवं वळण. एका बाजूला लाल दरड, दुसऱ्या बाजूला सरळ खाली व्हाळ. पडलात तर थेट पाण्यात, आणि वैशाखात तर पाणीसुद्धा नाही... नुसते धोंडे.

बबनदादा माझा मामेभाऊ. त्याच्याकडे जुनी डिझेल पिकअप. तिच्या गिअरबॉक्सची एक खोड होती. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडायचाच नाही. वळणापर्यंत दुसऱ्यावर यायचं, तिथे दम संपायचा, मग थांबायचं, पहिला टाकायचा आणि उठायचं. थांबल्यावर गाडी मागे जाऊ नये म्हणून चाकामागे दगड लावायचा. घेतली त्या वर्षी, पहिल्याच खेपेला मीच बाजूला बसलो होतो. उडी मारून खाली उतरलो आणि हाताला लागला तो चिरा मागच्या चाकाला लावला. गाडी उठली. आता चढणीवर उठलेल्या गाडीतून खाली उतरून दगड कोण उचलणार? तो तिथेच राहिला. पुढच्या खेपेला दुसरा. मग तिसरा. वर्षानुवर्षं व्हाळाच्या कडेला असा ढीग झाला.

आणि एका शिमग्यानंतर बघतो तर ढिगाला शेंदूर!

कुणी फासला देव जाणे. मग नारळ आला, फुलं आली, "घाटीचा राखणदार" असं नावही आलं. मी पोट धरून हसलो. माझ्या हातचा चिरा तो! बबनदादाची बायको, सुलभावहिनी, मात्र हसल्या नाहीत.

"भावोजी, ठेवणारा कुणी का असेना," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं गाडी रोज त्याच्यासमोर थांबते ना? मग?"

"वहिनी, ती थांबते गिअरबॉक्स भिकार आहे म्हणून!"

आता खाणीवर नव्या गाड्या आल्या. बबनदादा वळणावर थांबला की मागे रांग, हॉर्न, शिव्या. शेवटी खाणीच्या शेठनी बोलावून सांगितलं — सोमवारपासून घाटी न थांबता चढायची, नाहीतर गाडी खाणीवर आणायची नाही. बबनदादाला दुसरा धंदा येत नाही. मुंबईला जाऊन परत आलेला माणूस. तो माझ्याकडे येऊन स्टुलावर बसला.

"वसंता," म्हणाला, "काय ते कर, पण हिला न थांबता चढव."

मग मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. एका मोठ्या गाडीचा पाच गिअरचा दणकट गिअरबॉक्स भंगारात मिळाला. पहिला गिअर चालत्या गाडीत लोण्यासारखा पडणारा. पण इंजिनाला जोडायची भोकं जुळेनात. लेथवर जाड पट्टी करून घेतली, प्रॉपेलर शाफ्ट चार बोटं कापला, क्लच प्लेट मोठी टाकली, फ्लोअरला नवीन भोक पाडलं. गिअरचा दांडा तापवून वाकवला, तरी पहिला टाकला की मूठ डॅशबोर्डाला जेमतेम चुकायची. तेवढं चालतंय म्हटलं.

तेवढं चाललं नाही.

रविवारी भर दुपारी चाचणी. गाडीत चिरे भरले, बबनदादा स्टिअरिंगवर, मी बाजूला. काय सांगू मंडळी... दुसऱ्यावर अशी चढत होती जशी सासरहून माहेरी निघालेली! वळण आलं. गाडीला दमणं नाही, धाप नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ढिगाला हात जोडले आणि ओरडलो, "राम राम, म्हाराजा! आज थांबायला टाइम नाय!"

डोकं आत घेतो न घेतो तोच — ठाड!

दांडा आपण होऊन दुसऱ्यातून सुटला आणि पुढे पहिल्यात आदळला. बबनदादाचा डावा हात मुठीवर होता. मूठ आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये तो सापडला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी इंजिनाच्या किंकाळीतूनही ऐकला. ओला फाटा मोडावा तसा. माझं कपाळ काचेवर. काचेला जाळं, कपाळाला खोक, तोंडात रक्त. गाडी जागच्या जागी खिळली. बबनदादा बोंबलत होता, "मेल्या, कुठला गिअरबॉक्स घातलास? मेल्या!" आणि मी रक्त पुसत खिडकीबाहेर बघितलं, तर मागचं चाक ढिगाच्या बरोबर शेजारी. वीतभर पुढे नाही, वीतभर मागे नाही.

बबनदादाच्या हाताला प्लास्टर. माझ्या कपाळाला टाके. त्याच संध्याकाळी मी गिअरबॉक्स उतरवून खोलला. दातरी एकही तुटलेली नाही. आतला काटा सरळ. गिअर जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग चोख, तरी नवीन टाकली. खोटच सापडेना!

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावोजी, उद्या सोमवार. यांचा हात गळ्यात. तुम्हीच घेऊन जा गाडी. पण तिथे थांबा."

"थांबलो तर शेठ गाडी हाकलतील ना वहिनी!"

"आणि नाय थांबलात तर?"

मी दोरी आणली. मच्छीमारांची, अंगठ्याएवढी जाड, होडी बांधायची. सोमवारी सकाळी चिरे भरून निघालो. दुसरा टाकला, काल त्याच्यावरच गाडी हसत चढली होती, आणि दांडा सीटच्या लोखंडी चौकटीला असा आवळला की हत्तीने ओढला तरी हलू नये. शेठ खाली उभे राहून बघत होते. त्यांच्याकडे बघून मी मिशीला पीळ दिला. खोटं कशाला सांगू, मजा येत होती मला!

वळण आलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. दोरी ताणली गेली... कुरकुरली... मी म्हटलं, "ओढ! ओढ बघू किती ओढतोस!"

त्याने ओढली.

दोरी तुटली तेव्हा बंदुकीचा बार झाल्यासारखं वाटलं. तुटकं टोक चाबकासारखं तोंडावर आलं. ओठ फाटला आणि पुढचा दात मांडीवर पडला. मी त्याच्याकडे बघतोय तोवर दांडा पहिल्यात आदळला, गाडीने असा हिसका खाल्ला की सीटचे बोल्ट फ्लोअर फाडून वर आले. मागची काच फोडून एक चिरा आत आला. माझ्या कानाला चाटून गेला आणि बाजूच्या सीटवर, जिथे काल मी बसलो होतो तिथे, दणकन बसला. इंजिन बंद.

शांत.

आणि मग दांडा... कुणी झोपलेल्या पोराचा हात बाजूला करावा तसा... अलगद न्यूट्रलला आला.

गाडी मागे निघाली. ब्रेक दाबला. पेडल तळाला! सकाळीच तपासलेला ब्रेक, मंडळी, स्वतः तपासलेला! हँडब्रेक ओढला, तो हातात आला. आरशात दरड सरकत चालली, मग दरड संपली आणि नुसतं आभाळ. तेव्हा माझी सगळी नाटकं गळून पडली. मी ओरडलो. काय ओरडलो ते शेठनी नंतर सगळ्या गावाला सांगितलं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. मी ओरडलो, "थांबतो! थांबतो रे बाबा, रोज थांबतो!"

धप्प.

मागचं चाक त्या ढिगावर अर्धं चढलं आणि टेकलं. गाडी थांबली. पलीकडचं चाक व्हाळावर अधांतरी फिरत होतं.

शेठ धावत वर आले. मी खाली उतरलो. बाजूच्या सीटवरचा चिरा उचलला आणि चाकामागे ठेवला. शेठ माझ्या हाताकडे बघत होते. पायातल्या चपला त्यांनी काढल्या होत्या.

त्या दिवसापासून घाटीतली प्रत्येक गाडी वळणावर थांबते. नव्यासुद्धा. आता कुणाच्या मागे रांग नाही, कारण सगळेच रांगेत. बबनदादाचा हात जुळला, गाडी खाणीवर चालते. तोच गिअरबॉक्स आहे. आजवर पुन्हा एकदाही दांडा आपण होऊन हललेला नाही. ब्रेक त्याच दुपारी पुन्हा तपासला, गळती नाही, हवा नाही, काही नाही. चांगल्या चांगल्या मिस्त्रींना दाखवलं. कुणाला कारण सांगता आलेलं नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा... पण आधी गाडी घेऊन घाटी चढा, मग कळवा.

यंदा त्या ढिगासमोर वाडीने रीतसर गाऱ्हाणं घातलं, एकाने देवाकडे मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. बबनदादाने हात जोडले आणि सुरू केलं, "बा म्हाराजा, तू हितला राखणदार, तुझा मूळ आमाला ठावक नाय..."

वहिनींनी हळूच माझ्याकडे बघितलं. पहिला चिरा ठेवणारा माणूस तिथेच उभा होता. मी जमिनीकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या आधी, दातातल्या फटीतून शिट्टी वाजली तरी, मोठ्याने ओरडलो — "व्हय म्हाराजा!"