डोणीतली जाळी

वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्या आत्येचे यजमान गावच्या तळीत कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले आणि बारापर्यंत बाहेर आले नाहीत. गाव देवरूखच्या वरच्या अंगाला. पावसाआधी तळी उपसायची, गाळ काढायचा आणि जंतू मारायला टीसीएल पावडर टाकायची, हा तिथला दरवर्षीचा रिवाज.

आमच्या आतोबांइतका वेळ पाण्याकडे बघत घालवलेला माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. प्रात्यक्षिकांसाठी शेवाळ आणून बाटल्या भरणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, बाटल्या सुटल्या नाहीत. त्यांचं लाडकं शेवाळ हायड्रोडिक्टिऑन. ते गोड्या पाण्यात हिरव्या जाळीसारखं वाढतं, जाळीचा एकेक खण बहुधा पाच किंवा सहा बाजूंचा असतो, आणि एकेका धाग्याच्या पोटात अख्खी नवी जाळी तयार होऊ शकते. घरी येणाऱ्याच्या हातात आतोबा चहाआधी भिंग देत आणि बाजू मोजायला लावत. पाच म्हटलं तरी चालायचं, सहा म्हटलं तरी चालायचं. न मोजता म्हटलेलं त्यांना बरोबर ओळखू यायचं. त्यांच्या मुलीला बघायला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनाही यातून सूट मिळाली नाही. मुलाचे वडील घाईत चार म्हणाले. त्यांचा चहा दोनदा गरम करावा लागला. लग्न झालं. आत्या मात्र इतकी वर्षं स्वयंपाकघरातूनच, मान वर न करता, "सहा" म्हणून मोकळी व्हायची.

त्या मंगळवारी सरपंचबाई काठावरून म्हणाल्या, "काका, वर या. तळी उपसायचीय, तुम्हाला नाय." आतोबांचं म्हणणं, पंचक्रोशीत ही जाळी आता याच तळीत उरली आहे. बाईंचं म्हणणं, हेच पाणी खालच्या वाडीच्या नळाला जातं. बाराच्या सुमारास तडजोड झाली. जाळी कळशीत भरून आतोबा घरी गेले आणि तळी उपसली गेली. घरी त्यांनी जाळी सात बरण्यांत वाटली आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: पिण्याचे पाणी नाही.

शनिवारी कोरडा दिवस होता. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून द्यायचं असतं. आतोबा देवरूखच्या बाजाराला गेले होते. आरोग्यसेविकेनं चिठ्ठ्या वाचल्या आणि पिण्याचं नसेल ते सगळं पाणी ओतायला सांगितलं. संध्याकाळी आतोबांनी रिकाम्या बरण्या बघितल्या. पुढचे दोन दिवस ते अंगणातही आले नाहीत.

मंगळवारी मी भेटायला गेलो होतो, तेव्हा आत्या आम्हा दोघांना गोठ्यामागच्या दगडी डोणीपाशी घेऊन गेली. म्हशीला पाणी पाजायची ती डोणी म्हैस विकल्यापासून कोरडीच असायची.

"एक बरणी हिच्यात ओतली होती," आत्या म्हणाली. "जगेल का नाय कळत नव्हतं, म्हणून बोलले नाय."

डोणीत चार गप्पी मासे होते. ते अळ्या खातात, त्यामुळे मासे सोडलेलं पाणी ओतावं लागत नाही. मासे तिनं आरोग्यसेविकेकडूनच मागून घेतले होते. एका कोपऱ्यात बोटभर हिरवं तरंगत होतं.

आतोबांनी खिशातून भिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती डोणीवर ओणवी झाली. बराच वेळ लागला.

"पाच," ती म्हणाली.