सोमल, धोतरा आणि आमचे मोठे डॉक्टर

विषाचे किस्से सांगायला लागलं की लोक आधी हातातला चहा खाली ठेवतात आणि मग म्हणतात, अजून एक सांगा. इंग्रजांच्या अमदानीत मी सोलापूरच्या एका दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो. तिथली औषधं वरचेवर संपायची, किस्से मात्र साठतच गेले.

मोठ्या डॉक्टरांना वर्गवारीचा फार नाद. पोलिसांसाठी त्यांनी दवाखान्यातच क्लास काढला. "विषं तीन प्रकारची. ॲसिडसारखी जाळणारी, सोमलासारखी पोटात आग करणारी, अफू-धोतऱ्यासारखी मेंदूवर चढणारी." महिनाभर हेच घोकून घेतलं. शेवटी एका जुन्या हवालदाराला उभं केलं. "सांगा, विषाचे प्रकार किती?"

"दोन, साहेब."

"कोणते?"

"सापडलेलं आणि सापडवलेलं."

क्लास त्या दिवशी लवकर सुटला.

*

एकदा एका विणकराला टांग्यात घालून आणलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, भान नाही आणि दोन्ही हातांनी हवेतले धागे ओढणं चाललेलं. डॉक्टर खूश झाले. मला म्हणाले, "पाहा, धोतऱ्याचं अगदी पुस्तकी लक्षण. रोगी नसलेले धागे ओढतो." मग त्याच्या बायकोला विचारलं, "हे असं कधीपासून करतात?"

ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून."

पोट धुतलं, माणूस वाचला. स्टेशनवर कुणा अनोळखी माणसाने पेढा दिला होता. शुद्धीवर आल्यावर आपल्याला विष घातलं होतं हे त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागावरचं लुगडं कुणी पुरं केलं?"

*

चोळायच्या तेलाच्या बाटलीवर आम्ही लाल चिठ्ठी लावायचो, 'विष' अशी, तीही इंग्रजीत. खेड्यातले लोक चिठ्ठी तांबडी म्हणजे औषध भारी असं समजून तेल पिऊन यायचे. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर कवटी आणि हाडं रंगवून घेतली. पुढे सांगोल्याकडच्या एका धनगर म्हातारीच्या घरी आम्ही गेलो, तर बाटली देवघरात, कवटीला हळदकुंकू, पुढे खोबऱ्याची वाटी.

डॉक्टर घाबरून म्हणाले, "आजी, प्यायला नाहीत ना?"

"पिऊ कशी? रोज पाया पडतिया की."

"आणि गुडघा?"

"त्यो कवाच बरा झाला."

*

संशयाचा मृत्यू असला की मयताची आतडी स्पिरिटच्या बरणीत घालून तपासणीला मुंबईला जायची. एकदा तिकडून उत्तर आलं, 'विष आढळले नाही. स्पिरिटही आढळले नाही.'

बरणी घेऊन गेलेल्या शिपायाला डॉक्टरांनी समोर उभं केलं. तो म्हणाला, "गाडीत लई हिंदकळत होती, साहेब. थोडं कमी केलं, तवा गप बसली."

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याची जीभ तपासली.

*

बार्शीकडचे एक इनामदार होते. मूलबाळ नाही, वारस म्हणून एकुलता पुतण्या. उलट्या, पोटात कळा, हातापायांना मुंग्या. पुतण्या विष घालतोय, अशी त्यांची खात्री. पहिला घास मांजराला घातल्याशिवाय ते जेवत नसत. मांजर गुटगुटीत झालं आणि इनामदार वाळत गेले.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी उशाखाली पुडी सापडली. कुणा वैदूने ताकदीसाठी दिलेलं भस्म, रोज सकाळी मधातून. डॉक्टरांनी तपासलं, तर निम्मा सोमल.

डॉक्टर म्हणाले, "इनामदार, तुम्हाला विष घालणारा माणूस सापडला. तुम्हीच."

इनामदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोराला उगाच शिव्या घातल्या मी," म्हणाले. पुतण्याला बोलावून सगळ्यांसमोर पोटाशी धरलं. आम्हालाही भरून आलं. जाताना डॉक्टरांनी बजावलं, "घरी असेल तेवढं भस्म आजच टाकून द्या."

पुढच्या महिन्यात पुतण्याला झोळीत घालून आणलं. उलट्या, कळा, मुंग्या. त्याचं पोट धुऊन होईपर्यंत इनामदार बाहेरच्या बाकावर बसून होते, चेहऱ्यावर चांगली तुकतुकी आलेली.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "वाचला. इनामदार, त्या भस्माचं काय केलंत?"

"एवढं भारीचं औषध," इनामदार म्हणाले, "टाकायचं जिवावर आलं."