पावाने पाडलेले दात

दुबईत आमच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये चार मराठी कुटुंबं जमली की जेवणाआधी माझी गोष्ट होतेच. आईच्या वडिलांची. गोव्यात पोर्तुगीजांनी आजोबांना तुरुंगात टाकलं. तिथला पाव इतका कडक की पुढचे दोन दात त्यातच राहिले. गोष्ट आजोबांनीच मला सांगितलेली, मी फक्त तिखटमीठ लावलं. शिळा खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, टेबलावर आपटून आवाजही काढतो. लोक हसतात. आई आलेली असली की नेमकी तेव्हाच चहा टाकायला उठते. मला वाटायचं, तिला ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

यंदा ती आली तेव्हा लेकीला कॉलेजसाठी एक सिनेमा बघायचा होता. आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या अगदी पहिल्या सिनेमांपैकी एक. शनिवारी दुपारी हॉलमध्ये लावला. राज्य पोर्तुगीजांचं आहे कळताच मी सरसावलो, "आता बघा, पाव देतील!"

"बाबा, प्लीज. इट्स नॉट अ कॉमेडी."

पोलिसांनी एका मजुराला उचलून नेलं. त्याची बायको पाठीला तान्हं बांधून या चौकीतून त्या चौकीत त्याला शोधत चालत राहिली. आत त्याला मारत होते. तो साथीदाराचं नाव सांगेना.

"थांबव गं जरा," आई नातीला म्हणाली. "माझी आई अश्शीच फिरली. मी आठ वर्षांची, भाकऱ्या घेऊन मागं मागं. एका चौकीवर म्हणाले, इथं नाही. आणि आतून बाबांचा आवाज येत होता."

मी खुळ्यासारखं विचारलं, "मग पाव?"

"दात बंदुकीच्या दस्त्यानं पाडले रे. नावं सांगेनात म्हणून. आम्ही पोरं तोंडाकडे बघत बसायचो, म्हणून त्यांनी ही पावाची गोष्ट रचली."

इतकी वर्षं मी तो दस्ताच टेबलावर आपटत होतो, आणि वन्स मोअर घेत होतो.

"तू बोलली का नाहीस?"

"तू अगदी बाबांसारखं सांगतोस," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात उभी राहून तेवढाच त्यांचा आवाज ऐकायला मिळायचा."

पुढच्या रविवारी मंडळी जमली. कुणीतरी खुबूस हातात दिला, "यल्ला, चला, होऊन जाऊ द्या आजोबांची गोष्ट!" मी तो परत टोपलीत ठेवला. आई सवयीनं उठली होती.

"बस आई. चहा मी टाकतो. तू सांग."

स्वयंपाकघरात चहाचं पाणी आटून गेलं, तरी बाहेर कुणी हसलं नव्हतं.